सात पत्ते असतील तरच

गुरुवार, ५ फेब्रुवारी. सकाळी ६.१०

ठरलं. आजपासून सावध खेळणं बंद.

काल क्लबात पुन्हा चौदावे. अठरा जोड्यांत. आमच्या खाली ज्या चार होत्या त्यातल्या एका जोडीला अजून किलवर आणि इस्पिक वेगळं ओळखता येत नाही.

माझ्या भिडू म्हणजे सासूबाई. तीन वर्षांपूर्वी सासरे गेले, त्या आमच्याकडे राहायला आल्या, आणि आता त्यांना ब्रिजला पार्टनर कोण, हा प्रश्न उभा राहिला. मीच पुढे झालो. त्यांनी तोंड उघडायच्या आत सेक्रेटरीला सांगून टाकलं की आईंना मी सांभाळतो. त्यांना विचारायला म्हणे आणखी चौघं जण रांगेत होते. सहानुभूती. माणसं चांगली आहेत क्लबातली.

त्यांचा दोष एकच. विचार करतात. हातात पत्ते आले की बघत बसतात. पत्ते काय बदलणार आहेत का बघून? तोवर माझा पाय टेबलाखाली हलायला लागतो आणि चहाचे कप खडखडतात. मग त्या म्हणतात, अहो, टेबल हलतंय. जसं काही मी मुद्दाम करतो.

ध्येय: बोर्ड. हॉलच्या भिंतीवर काळा लाकडी फलक आहे. त्यावर दरवर्षी जिंकलेल्या जोडीची नावं पिवळ्या अक्षरांत, एकाखाली एक. सासूबाई आणि सासरे अकरा वेळा. (तेव्हा स्पर्धा एवढी नव्हती.) यंदाची स्पर्धा २२ मार्चला. माझं नाव लागलंच पाहिजे. बावन्न वर्षांचा झालो, अजून कुठेच नाव लागलेलं नाही. घराच्या दारावरसुद्धा हिचं आहे, कारण घर हिच्या ऑफिसने दिलंय.

त्याच दिवशी, दुपारी १.२० (ऑफिस)

सापडलं! जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओ बघितला. ‘प्रीएम्प्ट’. म्हणजे असं. एरवी बोली एकपासून हळूहळू वर चढते, आणि त्यातून समोरासमोर बसलेले दोन भिडू एकमेकांना आपापल्या पत्त्यांचा अंदाज देतात. पण समजा आपले पत्ते टाकाऊ आहेत, फक्त एकाच रंगाचे सात आलेत. तर थेट तीनवर उडी मारायची. ‘तीन इस्पिक!’ झालं. विरोधकांना बोलायला जागाच उरत नाही. गांगरतात. आपण थोडे बुडतो, पण त्यांचं मोठं घबाड हुकतं.

मी जन्मजात प्रीएम्प्टर आहे. एवढी वर्षं कुणी सांगितलं नाही.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी. सकाळी ७.३०

सासूबाईंना चहाच्या वेळी थिअरी समजावली. उभ्यानेच, कारण बसून नीट समजावता येत नाही. त्यांनी टोस्ट चहात बुडवून संपूर्ण खाल्ला. मग म्हणाल्या, की तुमच्याकडे चांगले पत्ते नाहीत म्हणजे ते उरलेल्या तिघांत कुठेतरी आहेत. त्या तिघांत एक मी पण असते. माझ्याकडे चांगले असले तर तुम्ही माझंच तोंड बंद कराल.

मी म्हटलं, तिघांत दोन विरोधक आहेत. दोनास एक. गणित माझ्या बाजूने आहे.

त्या म्हणाल्या, हो, म्हणून तर सात पत्ते असतील तरच... पुढे काहीतरी म्हणाल्या. मी तोवर चार्जर शोधायला आत गेलो होतो. मुद्दा कळला होता.

गुरुवार, १२ फेब्रुवारी. सकाळी ६.००

काल पहिला प्रीएम्प्ट. ऐतिहासिक.

माझ्याकडे सात इस्पिक, सगळ्यात मोठी राणी. बाकी सगळा कचरा. ‘तीन इस्पिक!’ एवढ्या जोरात म्हणालो की शेजारच्या टेबलावरचा एक जण दचकून पास म्हणाला. त्याची पाळी नव्हती.

उजवीकडे होमिओपॅथ. हा माणूस गोळ्या देतो तसाच खेळतो, गोड आणि सावकाश. हसून म्हणाला, डबल. (म्हणजे बुडालो तर दंड वाढतो.) पाच हात कमी पडले. अकराशेचा दणका. त्यांचा मोठा डाव झाला असता तर चारशे वीस मिळाले असते. म्हणजे मी चारशे वीस वाचवले.

परत येताना गाडीत सासूबाई म्हणाल्या, तुम्हाला एक विचारायचं होतं. मी म्हटलं, आई, डोक्यात घेऊ नका, तुमची काही चूक नव्हती. त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. मन हलकं झालं असावं.

मंगळवार, १७ फेब्रुवारी. दुपारी १.०५ (ऑफिस)

आमची कंपनी पाण्याचे पंप बनवते आणि मी माल रवाना करतो. एका गिऱ्हाइकाने काल चाळीस पंपांचा भाव विचारला. मी पंपच पाठवून दिले. समोरच्याला विचार करायला वेळ दिला की तो दुसरीकडे चौकशी करतो. हे ब्रिजमधलं तत्त्व आहे. मॅनेजरना समजावून सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, की भाव अजून आपण कळवलेलाच नाही.

ब्रिज न खेळणाऱ्या माणसांबरोबर काम करणं अवघड आहे.

गुरुवार, १९ फेब्रुवारी. सकाळी ६.१५

सात पत्त्यांची अट जाचक आहे. सात येतात कधी? माणसाने वाट बघत म्हातारं व्हायचं का? नवा नियम: सहा चालतील. रंग दिसायला बरा असला पाहिजे.

काल सहा किलवरांवर ‘तीन किलवर’ म्हणालो. समोर सासूबाई. त्यांच्याकडे नेमके तेव्हाच तीन एक्के, तीन राजे, सहा बदाम. जन्मात एकदाच येतो तसा पत्ता. त्यांनी हिशोब केला, की जावयाकडे सात किलवर म्हणजे बारा हात होतातच. थेट ‘सहा किलवर’ म्हणाल्या. दोन हात कमी पडले. बदामात बारा हात डोळे मिटून होत होते, असं होमिओपॅथने नंतर सांगितलं. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, मला वाटलं सात असतील.

चूक कुणाची? मी नीट विचार केला. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. इतका ठेवायला नको होता. पण मी मोठ्या मनाने म्हटलं, जाऊ द्या आई, होतं असं.

घरी बायको म्हणाली, तुम्ही जरा गप्प बसून बघा ना कधीतरी. मी म्हटलं, बघतो की. आणि दोन मिनिटं बसलो. पंख्याचा आवाज येत होता. तो बघायला उठलो.

मंगळवार, २४ फेब्रुवारी. संध्याकाळी ६.४०

पंप परत आले. चाळीसच्या चाळीस. हमाल सांगत होता की गिऱ्हाइकाने खोकीसुद्धा उघडली नाहीत.

सासूबाईंनी आज परत विषय काढला. अहो, त्या स्पर्धेचं मला तुम्हाला एक... एवढंच म्हणाल्या आणि माझ्या लक्षात आलं. खुर्ची! क्लबातल्या खुर्च्या लाकडी आहेत, वय बहात्तर, पाठ दुखणार नाही तर काय. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी चप्पल घातली. निळी उशी आणली. मागे बांधायला नाड्यासुद्धा आहेत.

त्या उशीकडे बघत राहिल्या. छान आहे म्हणाल्या. मग म्हणाल्या, पण मला विचारायचं होतं ते... मी म्हटलं, रंग बदलून मिळतो आई, पावती आहे. त्यावर त्या हसल्या. माणसाचं मन न सांगता ओळखणं ही देणगी असते.

शनिवार, २८ फेब्रुवारी. दुपारी ४.००

आजचं काम कुणालाही सांगायचं नाही.

क्लबाच्या फलकाची जबाबदारी माझ्याकडे आहे. समितीत मी एकटाच. पेंटर १० मार्चला बाहेरगावी मोठ्या कामावर चाललाय, येणार थेट २४ तारखेला सकाळी, आणि त्याच दिवशी बक्षीस समारंभ. ऐनवेळी धावपळ कशाला? यंदाची नावं आधीच रंगवून घ्यायची. वर कागद लावून टाकायचा.

पेंटरने विचारलं, कोण जिंकलं? मी म्हटलं, जिंकायचंय अजून. त्याने ब्रश खाली ठेवला. परत विचारलं. मी त्याला थिअरी समजावली. तो बराच वेळ डोकं खाजवत होता, मग म्हणाला, साहेब, तुम्ही सांगाल ते.

वर सासूबाईंचं नाव, खाली माझं. (ज्येष्ठतेचा मान.) माझं नाव पिवळ्यात इतकं खुललं की मी तीनदा मागे जाऊन बघितलं. पेंटर म्हणाला, हात लावू नका, ओलं आहे. तोवर लावला होता. बोटाचं पिवळं अजून निघत नाही.

त्यावर वर्तमानपत्र चिकटवलं, चारी बाजूंनी टेप. सेक्रेटरीला सांगितलं की लाकडाला पॉलिश केलंय.

गुरुवार, ५ मार्च. सकाळी ६.०५

काल पाच पत्त्यांवर ‘तीन चौकट’. पाच पण चांगले होते. गेल्या आठवड्यात आम्ही सोळावे होतो, काल अठरावे. आता खाली कुणी नाही, म्हणजे इथून फक्त वरच जाणार.

होमिओपॅथचा भिडू, तो चष्म्याच्या दुकानाचा मालक, जिन्यावरून घसरला. मनगट मोडलं. दोन महिने पत्ते धरता येणार नाहीत. एक तगडी जोडी बाद! वाईट वाटलं. पण माझा पाय टेबलाखाली जोरजोरात हलत होता तो वाईट वाटल्यामुळे नसावा.

रविवार, ८ मार्च. दुपारी १२.३०

संकट.

सकाळी दुकानातून परत आलो तर स्वयंपाकघरात होमिओपॅथ! सासूबाईंसमोर. दोन रिकामे कप, म्हणजे निदान अर्धा तास. मी आत पाऊल टाकलं आणि दोघं गप्प झाले. तो लगेच उठला, येतो म्हणाला, माझ्या खांद्यावर हात ठेवला. खांद्यावर हात का ठेवला?

टेबलावर स्पर्धेचा फॉर्म. पहिल्या ओळीत सासूबाईंचं नाव, पेन्सिलने, त्यांच्या त्या शाळामास्तरणीच्या वळणदार अक्षरात. दुसरी ओळ कोरी.

कोरी!

सासूबाई म्हणाल्या, बरं झालं आलात, बसा, मला तुम्हाला कधीचं एक विचारायचंय. मी बसलो नाही. नळ दुरुस्त करायचाय म्हणालो. कुठला म्हणाल्या. बाहेर गेलो, गल्लीला दोन चकरा मारल्या, परत आलो, पुन्हा गेलो.

आता सगळं स्पष्ट आहे. गाडीत, चहाच्या वेळी, उशीच्या वेळी, दर वेळी त्यांना हेच सांगायचं होतं. त्या मला सोडणार. होमिओपॅथबरोबर खेळणार. आणि बोर्डावर कागदाखाली माझं नाव सुकतंय.

मंगळवार, १० मार्च. सकाळी ५.५०

झोप नाही. काल ऑफिसात लिफ्टचं बटण इतकं दाबलं की ते आतच राहिलं. मॅनेजरनी माझी बदली केली. आता मी परत आलेला माल सांभाळायचा. पहिली नोंद: पंप, चाळीस.

उपाय एकच. त्यांनी बोलायच्या आत मी बोलायचं. हातात काही नसताना मारायची उडी ती हीच. अपमान होण्याआधी आपणच मोठेपणा करून मोकळं व्हायचं. उद्या. सगळ्यांसमोर. तीनवर नाही, थेट चारवर.

गुरुवार, १२ मार्च. सकाळी ६.००

केलं! काल चहाच्या वेळेत उभा राहिलो, चमचा कपावर वाजवला. म्हटलं, मित्रहो, आमच्या आई आता थकल्या, माझा खेळ वेगवान, त्यांची फरपट होते. शिवाय आपले होमिओपॅथ ऐनवेळी एकटे पडलेत. तेव्हा मी आईंना माझ्या बाजूने मोकळं करतो आहे. त्या दोघांनी एकत्र खेळावं, अशी माझी विनंती आहे.

टाळ्या! चौघांपाचांनी तर उभं राहून. होमिओपॅथ आधी गोंधळला, मग इतका खूश झाला की त्याच्या हातातला कप कलंडला.

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. पत्त्यांकडे बघतात तसंच, सावकाश. समोर तो फॉर्म, हातात ती पेन्सिल होती. मला वाटलं आता काहीतरी म्हणतील. त्यांनी पेन्सिल पर्समध्ये ठेवली आणि म्हणाल्या, पास.

एवढंच. सेक्रेटरीने तिथल्या तिथे फॉर्मवर होमिओपॅथचं नाव शाईने लिहून जमा करून घेतला.

मी सुटलो. सुटल्यासारखं वाटत नाही, पण ते हळूहळू वाटेल.

शनिवार, १४ मार्च. दुपारी ३.१५

बायको चार दिवस बाहेरगावी होती. आज आली, आईशी बोलली, मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली. एरवी ओरडते. आज ओरडली नाही.

म्हणाली, तुम्हाला काय विचारायचं होतं ते तरी माहीत आहे का?

म्हटलं, माहीत आहे, मला सोडायचं होतं.

म्हणाली, होमिओपॅथ तीन वर्षं, आपल्याबरोबर खेळा म्हणून, आईच्या मागे लागलेत. त्या दिवशी आईने त्यांना शेवटचं ‘नाही’ सांगायला बोलावलं होतं. आई त्यांना म्हणाली, मी जावयाबरोबरच खेळणार. माझ्या घरचा माणूस आहे, आणि त्यांना बोर्डावर नाव हवंय हे मला दिसतं.

मी म्हटलं, मग ओळ कोरी का?

म्हणाली, कारण आई कुणाला विचारल्याशिवाय कुणाचं नाव लिहीत नाही. तिला तुम्हाला एवढंच विचारायचं होतं, की त्या एका दिवसापुरतं, सात पत्ते असतील तरच उडी माराल का? तेवढं ‘हो’ म्हणालात तर बाकीचं मी बघते, असं म्हणत होती.

चप्पल घातली, काढली, परत घातली.

संध्याकाळी ७.००

सासूबाईंच्या खोलीत गेलो. म्हटलं, आई, माझं चुकलं. मी शब्द मागे घेतो, मी सेक्रेटरीकडे जातो, आत्ता जातो. निम्मा दाराबाहेर गेलोही होतो. त्या म्हणाल्या, अहो, थांबा. बोली एकदा टेबलावर पडली की परत घेता येत नाही. नियम आहे तो. तुम्हाला माहीत आहे.

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला टोस्ट दिला.

सोमवार, २३ मार्च. सकाळी ६.२०

काल स्पर्धा झाली. माझ्याशी जोडी करायला कुणी मोकळं नव्हतं. (सगळ्यांचं आधीच ठरलेलं.) म्हणून सेक्रेटरीने मला वाटलेल्या पत्त्यांचे ट्रे एका टेबलावरून दुसऱ्यावर नेण्याचं काम दिलं. जबाबदारीचं आहे. चालायला मिळतं.

दुपारी त्यांच्या टेबलामागे उभा होतो. निळी उशी खुर्चीला नीट बांधलेली, नाड्यांची गाठ मीच मारून दिली होती. सासूबाईंच्या हातात सात बदाम. बाकी काहीच नाही. माझा पाय हलायला लागला. त्यांनी बराच वेळ पत्ते बघितले. मग अगदी हळू, चहात साखर किती विचारावी तशा म्हणाल्या, तीन बदाम.

विरोधक गांगरले. चुकीचं बोलले. आपटले. हुबेहूब व्हिडिओत होतं तसं.

होमिओपॅथच्या हातात नेमकं काय असेल याची त्यांना चिंता नव्हती आणि त्यांच्या हातात सात आहेत याची त्याला खात्री होती. एवढंच.

पहिले आले. दुसऱ्या जोडीपेक्षा खूपच पुढे. नोंद करून ठेवतो: थिअरी माझी होती.

मंगळवार, २४ मार्च. रात्री ८.००

बक्षीस समारंभ. मी पेंटरच्या आधी पोहोचून खालचं नाव गुपचूप बदलून घ्यायचा प्लॅन केला होता. पेंटर माझ्या आधी पोहोचला, आणि त्याने सगळ्यांच्या देखत वर्तमानपत्र काढलं.

पिवळं. टवटवीत. वर सासूबाईंचं नाव. खाली माझं.

सेक्रेटरीने तारीख विचारली. पेंटर प्रामाणिक माणूस, म्हणाला अठ्ठावीस फेब्रुवारी. कुणीतरी खोकल्यासारखं हसलं, मग सगळेच. मी बुटांकडे बघत होतो.

सासूबाई उठल्या. पुढे येऊन चष्मा लावून वाचलं. मग पेंटरला म्हणाल्या, अक्षर छान काढलंय हो. वरचं राहू द्या.

पेंटरने सगळ्यांसमोर खालचं खरवडलं. बोटाच्या ठशासकट. होमिओपॅथचं नाव लांबलचक आहे, माझ्या जागेत मावेना, शेवटची अक्षरं दाटीवाटीने बसवावी लागली. बाजूने तिरकं उभं राहिलं तर खाली माझ्या नावाची पहिली दोन अक्षरं अजून दिसतात. मी चार ठिकाणांहून खात्री केली.

बुधवार, २५ मार्च. संध्याकाळी ५.४५

नवा निश्चय: ऐकायचं. समोरचा बोलत असताना जीभ दातांखाली धरायची. सकाळपासून जमलंय. ऑफिसात मॅनेजर पूर्ण अकरा वाक्यं बोलले. मी मोजत होतो, त्यामुळे विषय कळला नाही.

आत्ता सासूबाईंनी हाक मारली. स्वयंपाकघरात टेबलावर क्लबाचा कागद, नव्या सीझनसाठी जोड्यांची यादी. पहिल्या ओळीत त्यांचं नाव. दुसरी कोरी. हातात पेन्सिल.

त्या म्हणाल्या, बसा. बसलो. पाय धरून ठेवला, दोन्ही हातांनी. म्हणाल्या, मी विचारल्याशिवाय लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. मान डोलावली. म्हणाल्या, तर पुढच्या वर्षीसाठी...

हो! म्हणालो. आई, हो! शंभर वेळा हो, विचारता काय, आनंदाने!

त्या थांबल्या. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

म्हणाल्या, बरं वाटलं. मला वाटत होतं, होमिओपॅथांबरोबरच खेळते म्हटलं तर तुम्हाला वाईट वाटेल.

मी तोंड उघडलं. मग टेबलाकडे बघितलं. बोली पडली होती.

त्यांनी सावकाश, वळणदार अक्षरात त्याचं नाव लिहिलं. शेवटची अक्षरं इथेही दाटीने बसली. मग म्हणाल्या, सहा वाजत आले, आज बुधवार, सोडाल ना मला क्लबात?

उशी गाडीत ठेवून आलो. नाड्या नीट गुंडाळल्यात.